आमच्या पूर्वजांचा देव

रायपुरात दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की नाव-आडनाव सांगून होताच पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मूळचे कुठले तुम्ही?" महाराष्ट्र मंडळ आमच्या चौबे कॉलोनीतच आहे. तिथे गणपतीत, कोजागरीला, लग्न जुळवायच्या बोलण्यांत हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा करेपर्यंत इकडे मराठी कारकून, शिलेदार, भिक्षुक येत राहिले. पुढे मध्य प्रांताच्या कचेऱ्यांनी आणि रेल्वेने आणखी घरं आणली. त्यातल्या कित्येकांच्या पाच-सहा पिढ्या इथे झाल्या. घरात हिंदी आणि छत्तीसगढी मराठीइतकीच चालते. तरी "मूळचे कुठले" याला "रायपूरचे" असं उत्तर सहसा येत नाही. वाई, पेण, अमरावती, राजापूर असं एखादं गाव येतं, आणि पाठोपाठ गोत्र आणि कुलदैवत.

आज आमच्यापुरती ही चौकशी जिव्हाळ्याची आहे. उत्तर काहीही आलं तरी मंडळाच्या पंगतीतली जागा जात नाही. या प्रकरणात मी हाच प्रश्न अशा ठिकाणी नेणार आहे, जिथे त्याच्या उत्तरावर लग्न, नोकरी, कबरीची जागा आणि कधी कधी जीवही टांगलेला असे. ते ठिकाण म्हणजे मध्ययुगातले यहुदी आणि ख्रिस्ती समाज. आणि त्यांच्या मागोमाग आपला कोकण किनारा.

दोन्ही धर्मांचा मूळपुरुष एकच, अब्राहाम. त्याचे वारस रक्ताने ठरायचे की श्रद्धेने, या प्रश्नाला दोन्हीकडे एक उत्तर ग्रंथात होतं आणि दुसरं व्यवहारात. माझं मत आधीच सांगून टाकतो. वंशाची कसून चौकशी जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा तिच्यामागे कोणाला तरी दार लावून घ्यायचं होतं.

कैरोहून गेलेलं पत्र

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओबद्या नावाच्या माणसाने मैमोनिडीजला एक शंका विचारली. मैमोनिडीज त्या काळचा सर्वांत मोठा यहुदी धर्मशास्त्री; जन्म 1138 च्या सुमाराचा, स्पेनमधल्या कोर्दोव्हाचा, आणि हयात गेली कैरोजवळच्या फुस्तात शहरात. ओबद्या जन्माने यहुदी नव्हता, धर्म स्वीकारून यहुदी झाला होता. त्याची शंका अशी: रोजच्या प्रार्थनेत "आमचा देव आणि आमच्या पूर्वजांचा देव" असे शब्द येतात. माझे पूर्वज तर या देवाला मानत नव्हते. मग हे शब्द मी उच्चारू का? उच्चारले तर देवासमोर खोटं बोललो असं होईल का?

शंका हवेतली नव्हती. यहुद्यांच्या मिश्ना या प्राचीन संहितेतच एक मत नोंदलेलं आहे की नव्याने धर्मात आलेल्याने एकट्याने प्रार्थना करताना "इस्रायलच्या पूर्वजांचा देव" म्हणावं आणि सभास्थानात "तुमच्या पूर्वजांचा देव" म्हणावं. म्हणजे रोज, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडाने आपलं परकेपण सांगायचं.

मैमोनिडीजने ते मत बाजूला सारलं. सगळी प्रार्थना जशी आहे तशी म्हण, एक शब्दही बदलू नकोस, असं त्याने कळवलं. जो कोणी अब्राहामाच्या वाटेवर येतो त्याचा बाप अब्राहामच. इजिप्तच्या गुलामीतून "आम्हाला" बाहेर काढलं, एवढा उल्लेख हवा तर बदल, पण न बदललास तरी बिघडत नाही. आणि पुढे त्याने जे लिहिलं त्याने त्या माणसाच्या मनावरचं ओझं उतरलं असेल: आपलं कूळ हलकं समजू नकोस, आम्ही आमची वंशावळ अब्राहाम, इसहाक, याकोबापर्यंत नेतो, तुझी थेट सृष्टी निर्माण करणाऱ्यापर्यंत जाते.

अशा माणसाला धर्मात घेताना नाव दिलं जाई ते "अमुक, अब्राहामाचा मुलगा" असं. आपल्याकडे गोत्र ठाऊक नसलेल्याला संकल्पात कश्यप गोत्र लावतात, तशीच ही सोय.

पण सगळे यहुदी पंडित मैमोनिडीजसारखे नव्हते. त्याच्याच आधीच्या पिढीतला, स्पेनमधलाच थोर कवी यहूदा हालेव्ही याने 1140 च्या आसपास लिहिलेल्या 'कुझारी' या ग्रंथात नेमकी उलट बाजू घेतली आहे. धर्मांतरिताचं स्वागत आहे, त्याला पुण्य लाभेल, पण तो जन्माच्या यहुद्याच्या बरोबरीचा होणार नाही. देवाची वाणी ज्याच्या मुखातून येते असा संदेष्टा जन्माच्या इस्रायलांतूनच होतो. एकाच भाषेत वाढलेले, एकाच धर्मग्रंथावर पोसलेले दोन मोठे लोक, आणि उत्तरं अशी परस्परविरुद्ध. नंतरच्या धर्मशास्त्राने मैमोनिडीजचा निर्णय उचलला. हालेव्हीची भावना लोकांच्या मनात राहिली.

मंगळुरातली अशू

या वादाचा एक धागा आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर येतो. कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या कोठारात, ज्याला गेनिझा म्हणतात, शतकानुशतकांचे कागद साठले होते. त्यांत अब्राहाम बेन यिजू या ट्युनिशियातल्या यहुदी व्यापाऱ्याची पत्रं आणि हिशेब आहेत. हा माणूस 1132 पासून पुढची जवळजवळ सतरा वर्षं बहुतेक काळ मंगळुरात होता. मिरी, सुपारी, लोखंड एडनला पाठवायचा, तिकडून कागद आणि काचेच्या वस्तू मागवायचा, पितळेची भांडी घडवून घ्यायचा.

17 ऑक्टोबर 1132 ला मंगळुरात त्याने एक दस्तऐवज केला. त्यात त्याने अशू नावाच्या आपल्या दासीला मुक्त केलं आणि तिला यहुदी नाव दिलं, बेराखा. ती नायर घराण्यातली असावी असा अभ्यासकांचा कयास आहे. तिच्यापासून त्याला मुलं झाली. 1149 मध्ये तो मुलांना घेऊन एडनला परतला आणि तिथून भावांना पत्र लिहिलं; आपली मुलगी आपल्याच घराण्यातल्या मुलाला द्यायची, हा त्याचा ध्यास होता. शेवटी 1156 मध्ये ती त्याच्या पुतण्याची बायको झाली.

या मुलांचा धर्म कोणता? यहुदी शास्त्रात मूल आईच्या वळणावर जातं: आई यहुदी तर मूल यहुदी, बाप कोणीही असो. आई दासी असेल तर मूलही दासच. म्हणून त्या मुक्तिपत्राला एवढं महत्त्व. तो कागद नसता तर त्या मुलीला एडनमध्ये किंवा कैरोत चांगलं स्थळ मिळणं अवघड होतं. बेन यिजूच्या स्वतःच्या हस्ताक्षरात दासीच्या आणि तिच्या मुलांच्या दर्जाबद्दलची शास्त्रचर्चा सापडते. हा विषय त्याला किती छळत होता ते त्यावरून कळतं. मंगळुराहून निघताना अशू बरोबर होती असं कागदांवरून दिसत नाही. मुलांचा वंश जिच्यामुळे सिद्ध होत होता, तिचं नाव एका दस्तऐवजात राहिलं आणि ती स्वतः इतिहासातून निघून गेली.

बाप्तिस्म्याने न धुतलं गेलेलं रक्त

ख्रिस्ती धर्माने तर हा प्रश्न पहिल्याच शतकात सोडवला होता, निदान कागदावर. संत पौलाची शिकवण स्पष्ट होती: जो ख्रिस्ताचा झाला तो अब्राहामाचा वंशज झाला, मग तो यहुदी असो की ग्रीक. बाप्तिस्मा म्हणजे नवा जन्म. नव्या जन्माला जुना वंश कसा चिकटेल?

तो चिकटला. 1130 मध्ये रोममध्ये एकाच वेळी दोन पोप निवडले गेले. त्यातला दुसरा अनाक्लेटस हा पिएर्लेओनी घराण्यातला. त्याच्या पणजोबाच्या पिढीत कोणीतरी यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालं होतं. तेवढ्यावरून क्लेअरव्हॉच्या संत बर्नार्डने यहुद्याची संतती संत पीटरच्या गादीवर बसणं हा ख्रिस्ताचा अपमान असल्याचं लिहिलं. वाद खरा सत्तेचा होता. हत्यार म्हणून वंश हाताशी आला.

स्पेनमध्ये याचं पुढे भयंकर रूप झालं. 1391 मध्ये सेव्हिलपासून सुरू झालेल्या दंगलींत हजारो यहुदी मारले गेले आणि त्याहून जास्त लोकांनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला. मनापासून गेलेलेही होते. बुर्गोसचा मुख्य रब्बी शलोमो हालेव्ही ख्रिस्ती होऊन पाब्लो दे सांता मारिया झाला आणि 1415 मध्ये त्याच बुर्गोसचा बिशप झाला. हे नवख्रिस्ती दरबारात, वसुलीत, चर्चमध्ये वर चढू लागले तसे जुन्या ख्रिस्त्यांचे डोळे दुखू लागले. 1449 मध्ये तोलेदो शहरात करावरून बंड झालं आणि बंडाचा म्होरक्या पेरो सार्मिएंतो याने ठराव केला: यहुदी वंशाच्या कोणाही माणसाला, तो कितीही चांगला ख्रिस्ती असला तरी, शहरात अधिकारपद मिळणार नाही. रक्तशुद्धीचा हा पहिला मोठा कायदा.

पोप पाचव्या निकोलसने त्याच वर्षी त्याचा निषेध केला. पाब्लोचा मुलगा अलोन्सो दे कार्ताहेना, तोही बुर्गोसचा बिशप, याने ख्रिस्ती एकतेच्या बचावासाठी अख्खा ग्रंथ लिहिला: यहुद्याचा बाप्तिस्मा म्हणजे आपल्याच घरी परत येणं आहे, ख्रिस्त स्वतः त्याच वंशातला. युक्तिवाद बिनतोड होता. तरी पुढच्या दीडशे वर्षांत विद्यापीठं, कॅथेड्रलं, धर्मसंघ एकामागून एक रक्तशुद्धीचे नियम करत गेले; 1547 मध्ये तोलेदोच्या कॅथेड्रलने, 1593 मध्ये जेझुइटांनीही. उमेदवाराच्या मूळ गावी माणूस पाठवला जाई आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं जाई: याची आजी कोण होती? घरात डुकराचं मांस खात होते का? शनिवारी चूल पेटत होती का?

गोवा: नवे पूर्वज, जुनी जात

ही चौकशी जहाजात बसून गोव्याला आली. पोर्तुगालने 1497 मध्ये आपल्या यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केलं होतं. स्पेनमधून हाकललेल्या अशाच एका कुटुंबातला वैद्य गार्सिया द ओर्ता 1534 मध्ये गोव्यात आला. भारतीय औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापलं गेलं. मुंबई बेटही त्याला खंडाने मिळालं होतं. ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म गुपचूप पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून जाळली. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 मध्ये सुरू झालं, मधली चारेक वर्षं वगळता 1812 पर्यंत चाललं.

पण गोव्यात आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. इथे हजारो हिंदू ख्रिस्ती झाले. त्यांचे पूर्वज आता कोण? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, त्याने मराठी ओव्यांत रचलेलं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोल इथे छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या. सुरुवात आदाम-एव्हापासून, मग नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद. ख्रिस्त येतो तो दुसऱ्या भागात. नव्या ख्रिस्त्यांना जुनी पुराणं वाचायची बंदी झाली होती, आणि त्यांच्यातल्याच एकाने पाद्रीकडे त्या जागी दुसरं काही मागितल्याचा प्रसंग खुद्द ग्रंथात आहे. मला हे पुस्तक त्या अर्थाने फार हलवून जातं. ज्यांची कुळकथा काढून घेतली त्यांना दुसरी कुळकथा दिली, आणि ती त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच छंदात दिली. फुस्तातमध्ये मैमोनिडीजने ओबद्याला दिलं तेच हे दान, फक्त इथे त्यामागे राजसत्तेची जबरदस्ती उभी होती.

आणि जुना वंश? तो गेला नाही. बामण, चाड्डे, शूद्र हे भेद ख्रिस्ती घरांत राहिले आणि लग्नं त्याप्रमाणे जुळत राहिली. गावकरीतला हक्क, म्हणजे गावाच्या सामाईक उत्पन्नातला वर्षाचा वाटा, जोण, हा मूळ गावकऱ्याच्या पुरुषवंशाने चालत आलेला. तो मूळ गावकरी हिंदू होता हे सगळ्यांना माहीत. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा पोर्तुगीज काळात फातर्प्याला गेली. आजही शिगम्याच्या दिवसांत कुंकळ्ळीहून फातर्प्याला छत्र्यांची मिरवणूक निघते, त्यात बारा वांगडींचा, म्हणजे कुळांचा, मान असतो, आणि त्या वांगडींतली ख्रिस्ती घराणीही हा संबंध जपून आहेत.

राज्यकर्त्यांच्या लेखी मात्र ही घराणी कायम खालची. दिवाडीचा मातेउश द कास्त्रो ब्राह्मण घराण्यातला ख्रिस्ती. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला पाद्री करायचं नाकारलं. तो रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि 1637 मध्ये बिशप होऊन परतला. तरी गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांशी त्याचं भांडण जन्मभर मिटलं नाही. भारतीय ख्रिस्त्यांना पोर्तुगीजांच्या बरोबरीचे हक्क कायद्याने मिळाले ते 1761 मध्ये, आणि जुना ख्रिस्ती-नवा ख्रिस्ती हा भेद पोर्तुगालने रद्द केला 1773 मध्ये. तोलेदोच्या ठरावाला तेव्हा सव्वातीनशे वर्षं होत आली होती.

शनिवार तेली

आता अलिबागकडे. नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं: बेने इस्रायल आपली कथा अशी सांगतात. कधीची? हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात हे आगमन इसवी सनापूर्वी 175 च्या सुमाराचं धरलं आहे. वंशावळ नाही, ताम्रपट नाही, जहाजात ग्रंथही वाचले नाहीत.

राहिलं ते आचरण. कुलाबा जिल्ह्याच्या गावांतून हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. मुलाची सुंता आठव्या दिवशी. "हे इस्रायल, ऐक" ही हिब्रू प्रार्थना तोंडपाठ, बाकी हिब्रू विसरलेलं. खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही. आडनावं गावांवरून: केहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर, झिराडकर. सॅम्युएलचा सामाजी झाला आणि इझिकेलचा हसाजी. नवसाला मलिदा: ताटात गूळ-खोबरं घालून कालवलेले पोहे, वेलदोडा, वर फळं, आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने गाणं. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही, हा शेजाऱ्यांचा रिवाज त्यांच्यातही होता.

त्यांना ओळखलं कसं, याची त्यांच्यातच एक कथा आहे. दावीद रहाबी नावाचा यहुदी कोकणात आला. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवल्यांचे मासे घेतले, बाकीचे बाजूला काढले. तेवढ्यावर त्याची खात्री पटली. मग त्याने तीन घराण्यांतले तरुण निवडून त्यांना धर्मविधी शिकवले. ते पुढे काजी झाले. या दावीदचा काळ कोणता, यावर मतं वेगवेगळी आहेत. लेखी पुराव्यांत 1738 मध्ये मद्रासमधला मिशनरी सार्टोरियस याच्या पत्रात आणि 1768 मध्ये कोचीनच्या इझिकेल रहाबीने हॉलंडला लिहिलेल्या पत्रात यांचा उल्लेख सापडतो, दुसऱ्यात घाणे आणि शनिवारच्या शब्बाथसकट.

माशांच्या त्या कथेला मी फार मोल देतो. तोलेदोच्या चौकशीतही स्वयंपाकघरच तपासलं होतं. तिथे ते माणसाला हुसकून लावायला तपासलं, कोकणात घरात घ्यायला.

1796 मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, शार हारहमीम. ते बांधणारा सॅम्युएल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी इंग्रजांच्या फौजेतला. टिपूच्या कैदेतून सुटल्याचा नवस त्याने फेडला असं सांगतात. पुढे मिशनऱ्यांनी जुना करार मराठीत आणला आणि बेने इस्रायलांना अब्राहामाची गोष्ट स्वतः वाचता आली. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाची हग्गादा मराठी-हिब्रूत छापली. 1880 पासून त्यांची मराठी कीर्तनं सुरू झाली, विषय अब्राहाम, योसेफ, मोशे. हरदासी थाटात, आपल्याच पूर्वजांची.

याच समाजाने आपल्यातही दार लावलं होतं, हे लपवून चालणार नाही. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. काळे म्हणजे बाप बेने इस्रायल आणि आई दुसऱ्या जातीची अशांची संतती. त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार होत नसे. मग एकोणिसाव्या शतकात बगदादी यहुदी मुंबईत आले, आणि गोऱ्यांनी काळ्यांशी केलं तेच बगदाद्यांनी सगळ्या बेने इस्रायलांशी केलं: सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांना मोजायचं नाही. 1836 मध्ये काही बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज केला, आमच्या कबरी आणि त्यांच्या कबरी यांच्यामध्ये भिंत घालून द्या.

कबरीच्या जागेचा प्रश्न जुना झाला असं वाटत असेल तर आमच्याच राज्यात पाहा. जानेवारी 2025 मध्ये बस्तरच्या छिंदवाडा गावातल्या एका ख्रिस्ती मुलाने, वडिलांना गावातच, आजोबा जिथे पुरले आहेत तिथे पुरू द्या म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत दाद मागितली. शव तीन आठवडे शवागारात होतं. दोन न्यायमूर्तींची मतं दोन झाली, आणि शेवटी दफन दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत करायचा आदेश झाला. त्या मुलाचे पूर्वज त्याच मातीत होते, हे कोणी नाकारलं नव्हतं.

आईकडून किती पिढ्या?

1948 नंतर बेने इस्रायल हजारोंनी इस्रायलला गेले. तिथे लग्न नोंदवणारे काही रब्बी त्यांना परत पाठवू लागले. शंका दोन: पूर्वी कधी परधर्मीय बायका आल्या असतील, आणि कोकणात यहुदी शास्त्राप्रमाणे घटस्फोट होत नव्हते, म्हणून एखादी बाई पहिल्या नवऱ्यापासून रीतसर न सुटता दुसरीकडे नांदली असेल, तर तिची संतती शास्त्राने लग्नाला अपात्र. बेने इस्रायलांच्या बाजूने उत्तर असं होतं की आमच्यात घटस्फोटही नव्हता आणि पुनर्विवाहही. 1961 मध्ये मुख्य रब्बीमंडळाने लग्नाला हरकत नसल्याचं ठरवलं. पण 1962 मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात नोंदणी करणाऱ्यांना सूचना गेल्या: बेने इस्रायल अर्जदाराच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा.

विचार करा, रोह्याच्या घाणेवाल्याच्या पणजीचा दाखला कोण देणार? त्या काळी कोकणातल्या कोणत्या जातीच्या माणसाकडे तो होता? आमच्या चौबे कॉलोनीतल्या किती घरांकडे आहे?

विज्ञानाकडे तरी उत्तर आहे का, असं वाचक विचारतील. 2016 मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात बेने इस्रायलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यहुदी आणि भारतीय दोन्ही वंश ठळक दिसले. मिश्रण साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे ढोबळ मानाने साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचं. बेन यिजू आणि अशू यांच्या काळाच्या आगेमागेचं. यहुदी वाटा बापाच्या बाजूने जास्त, भारतीय वाटा आईच्या बाजूने जास्त. म्हणजे कथेतलं दूरचं आगमन खोटं नव्हतं, आणि कोकणातल्या आयाही खऱ्या होत्या. आईकडून वंश मोजणाऱ्या शास्त्राला हे उत्तर सोयीचं नाही. पण धर्मांतरित बाईची मुलं पूर्ण यहुदी, हेही त्याच शास्त्रात आहे. मंगळुरातला तो कागद त्यासाठीच केला होता. कोकणातल्या त्या बायकांनी शनिवारी चूल बंद ठेवली, मासे निवडले, आठव्या दिवशी मुलांची सुंता करवली. त्यांच्या यहुदीपणाला आणखी कसली कसोटी लावायची? माझ्या मते ती लागू झाली होती आणि त्या तिच्यात उतरल्या होत्या.

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, उपोषणं केली. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेचं खास अधिवेशन झालं आणि बेने इस्रायल सर्व दृष्टींनी यहुदी आहेत, त्यांचे हक्क इतर यहुद्यांइतकेच आहेत, असं सरकारने जाहीर केलं. रब्बीमंडळाने सूचनांमधून "बेने इस्रायल" हे नाव काढून टाकलं. ज्याच्या वंशाबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, हे कलम मात्र ठेवलं.